रिपोर्टमधलं 'मायटोजेन' राजम्यातलं आहे, म्हणून राजमा सोडायचा का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईंना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. आता डॉक्टर ॲडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुरू करणार आहेत, म्हणून आधी टीबीसाठी रक्ताची इग्रा तपासणी झाली. रिपोर्टमध्ये 'मायटोजेन' (पेशींना विभाजनाला लावणारा पदार्थ) नावाचा रकाना, त्यापुढे 'दहापेक्षा जास्त'. तुम्ही शोधाशोध केलीत तेव्हा कळलं की हे मायटोजेन म्हणजे राजम्यातून काढलेलं फायटोहीमॅग्लुटिनिन, एक लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन), आणि ते टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींना, चेतवतं. आईंच्या टी-पेशी आधीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेल्या. मग राजमा, कुळीथ, शेंगदाणे, टोमॅटो, गहू हे सगळं बंद करायचं का? आणि ट्यूबमध्ये चेतवतं तर पोटात गेल्यावर का नाही चेतवणार?

प्रश्न रास्त आहे. घोळ एवढाच की त्यात तीन वेगळी विधानं एका दमात खरी धरली गेली आहेत: लेक्टिन पेशीला चिकटतं, चिकटलं की पेशी चेतते, आणि खाल्लेलं लेक्टिन त्या पेशीपर्यंत पोहोचतं. पहिलं बऱ्याचदा खरं असतं. दुसरं मोजक्या लेक्टिनांच्या बाबतीत खरं. तिसरं तुम्ही काय खाल्लं आणि ते कसं शिजवलं यावर ठरतं. आणि गंमत अशी की जे लेक्टिन सगळ्यात जोरात चेतवतं ते नीट शिजवल्यावर उरत नाही, आणि जे रक्तापर्यंत पोहोचल्याचं दाखवून झालंय ते सहसा चेतवत नाही.

मी रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. लिम्फोसाइटची (ज्या पांढऱ्या पेशींत टी-पेशीही येतात त्यांची) कल्चर लावणं, म्हणजे पोषक द्रवात त्या वाढवणं, लहान मुलांमधल्या जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या आणि इग्रा हे रोजचं काम. औषध सांगणं माझं काम नाही, ते आईंच्या संधिवाततज्ज्ञांचं.

आधी रिपोर्टचं बघू, कारण तिथेच गैरसमज सुरू झालाय. आमच्याकडे जो इग्राचा संच जास्त येतो त्यात चार ट्यूब असतात: राखाडी, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या झाकणाच्या. प्रत्येकीत साधारण एक मिलिलिटर रक्त. राखाडी ट्यूबमध्ये काहीच नसतं, हिरव्या-पिवळ्यांत टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात, आणि जांभळ्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर फायटोहीमॅग्लुटिनिन वाळवून लावलेलं असतं. यापुढे त्याला पीएचए म्हणते. ट्यूब दहा वेळा नीट हलवायची, म्हणजे भिंतीवरचं सगळं रक्तात मिसळतं. मग ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवायची आणि पेशींनी किती इंटरफेरॉन-गॅमा (चेतलेल्या टी-पेशी सोडतात ते प्रथिन) सोडलं ते मोजायचं.

जांभळी ट्यूब फक्त एकच विचारते: या माणसाच्या टी-पेशींना उत्तर द्यायची ताकद आहे का? टीबीच्या ट्यूबमध्ये शांतता असेल आणि जांभळ्या ट्यूबमध्येही शांतता असेल, तर 'टीबी नाही' असं म्हणता येत नाही, कारण पेशीच थकलेल्या किंवा औषधाने दबलेल्या असू शकतात. मग रिपोर्ट 'अनिर्णित' जातो. स्टेरॉइडवरच्या रुग्णांत हे आम्ही बऱ्यापैकी बघतो. कधी कारण साधंच असतं, ट्यूब हलवलेलीच नसते. तेव्हा 'दहापेक्षा जास्त' ही आईंच्या बाबतीत चांगली बातमी आहे. धडधाकट माणसाचाही आकडा तसाच येतो. त्याचा अर्थ 'राजम्याची ॲलर्जी' किंवा 'राजम्याने प्रतिकारशक्ती भडकली' असा अजिबात नाही. आईंनी जन्मात राजमा खाल्ला नसता तरी आकडा हाच आला असता.

आता पीएचए हे का करतं ते.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं आणि मेद असतात आणि त्यांच्यावर साखरेच्या फांद्या असतात. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, एन-ॲसिटिलग्लुकोसमीन, आणि बऱ्याच फांद्यांच्या टोकाला सायलिक ॲसिड. लेक्टिन म्हणजे यांपैकी ठरावीक साखर किंवा ठरावीक फांदी ओळखून पकडणारं प्रथिन. ते एन्झाइम नव्हे, साखर तोडत नाही, नुसती धरून ठेवतं. आणि बहुतेक वनस्पती-लेक्टिनांना दोन किंवा चार 'हात' असतात, म्हणून एक रेणू दोन पेशींना जोडू शकतो किंवा एकाच पेशीवरचे दोन-चार रेणू ओढून एकत्र आणू शकतो. १८८८ मध्ये डॉरपाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूला, हर्मन स्टिलमार्कने एरंडाच्या बियांचा अर्क रक्तात घातला आणि तांबड्या पेशींचे गठ्ठे झालेले बघितले. ते जोडण्याचं काम.

ओढून एकत्र आणण्याचं काम कळायला आणखी सत्तर वर्षं गेली. राजम्याचा अर्क तोवर रक्तातल्या तांबड्या पेशी खाली बसवून पांढऱ्या वेगळ्या काढायला वापरत होते, एक साधं साफसफाईचं रसायन म्हणून. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की ज्या कल्चरमध्ये हा अर्क आहे त्यातच लिम्फोसाइट विभाजित होताहेत. तोपर्यंत रक्तातला लिम्फोसाइट ही शेवटच्या टप्प्यातली, पुढे काही न करणारी पेशी समजली जायची. त्या एका निरीक्षणावर आजची सहज होणारी गुणसूत्रांची तपासणी उभी आहे. बाळाची कॅरियोटाइप तपासणी सांगतात तेव्हा त्याच्या थोड्याशा रक्तात आम्ही पीएचएच घालतो आणि ७२ तास थांबतो. १९७६ मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत टी-पेशी जगवणारा जो घटक सापडला, ज्याला आज इंटरल्युकिन-२ म्हणतात, तोही पीएचए दिलेल्या पेशींच्या द्रवात.

हे घडताना कसं दिसतं? कल्चर लावताना लिम्फोसाइट लहान, गोल, एकेकट्या असतात, पेशीचा जवळपास सगळा भाग केंद्रकानेच व्यापलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर पाणी जास्त झालेल्या साबुदाण्यासारखे गठ्ठे. तिसऱ्या दिवशी त्या गठ्ठ्यांच्या कडेला मोठ्या, फुगलेल्या, विभाजनाला निघालेल्या पेशी, आणि लालसर माध्यम पिवळट पडलेलं, कारण एवढ्या पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडत असतात. ज्या बाळाला गंभीर संयुक्त प्रतिकारदोष आहे त्याच्या ट्यूबमध्ये तिसऱ्या दिवशीही माध्यम लालच असतं आणि पेशी सुट्याच. तो फरक एकदा बघितला की विसरत नाही.

आतली यंत्रणा अशी. एरवी एखाद्या जंतूचा तुकडा ओळखणारी टी-पेशी लाखात एखादी असते. तिचा रिसेप्टर (पृष्ठभागावरचा ओळखणारा रेणू) नेमक्या तुकड्याला जुळला तरच ती हलते. पीएचए तुकडाबिकडा काही बघत नाही. टी-पेशीच्या रिसेप्टरवर, त्याला जोडलेल्या सीडी३ या रेणूवर, सीडी२ या रेणूवर ज्या साखरेच्या फांद्या आहेत त्या धरून ते हे रेणू एकत्र ओढतं. पेशीला आतून कळतं ते एवढंच: 'रिसेप्टर गोळा झाले'. काही मिनिटांत आत कॅल्शियम वाढतं, मग इंटरल्युकिन-२ चं जनुक चालू होतं, पेशी त्याचाच रिसेप्टरही पृष्ठभागावर आणते, आणि विभाजन सुरू होतं. ओळख न पटवताच हजेरी लागते. म्हणून एका वेळी बहुसंख्य टी-पेशी उठतात, आणि म्हणूनच हे तपासणीला सोयीचं आहे. तरीही टी-पेशी अगदी शुद्ध करून एकट्या ठेवल्या तर नुसत्या पीएचएने त्या नीट उठत नाहीत, शेजारी मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लागतात.

इथे मात्रेचा मुद्दा येतो, आणि 'ट्यूबमध्ये होतं ते पोटात होणारच' म्हणणारे नेमका हाच वगळतात. कुठलंही नवं लेक्टिन हातात आलं की आम्ही आधी मात्रेचा आलेख काढतो. कमी मात्रेत काहीच नाही, मग साधारण प्रति मिलिलिटर एक ते दहा मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात शिखर, आणि त्यानंतर पुन्हा घसरण. जास्त घातलं की जास्त चेतना असं होत नाही. जॅकबीनमधलं कॉन-ए हे चार हातांचं लेक्टिन, मॅनोज धरणारं. १९७० च्या दशकात एडलमन यांच्या गटाने दाखवलं की त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते दोन हातांचं केलं तर जास्त मात्रेतली ती घसरण जवळजवळ जाते. म्हणजे चार हातांनी पेशीचा पृष्ठभाग इतका जखडला जात होता की तिला उत्तर देणंच जमत नव्हतं.

शिवाय माध्यमात सीरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) किती आहे यावर सगळं बदलतं. सीरममधली बहुतेक प्रथिनं स्वतःच साखरेच्या फांद्या बाळगून असतात, त्यामुळे लेक्टिनाचे हात पेशीपर्यंत पोहोचायच्या आधीच तिथे गुंततात. सीरम वाढवलं की कॉन-एची मात्रा वाढवावी लागते. कॉन-ए सोबत मिथाइल मॅनोसाइड नावाची साधी साखर भरपूर घातली तर हात रिकामे राहतच नाहीत आणि पेशी शांत राहते. संशोधन करणारी मुलं नव्याने आली की त्यांना मी हा प्रयोग पहिल्या आठवड्यात करायला लावते. तुम्ही जो 'लेक्टिन टी-पेशींना चेतवतं' हा निष्कर्ष वाचलात तो या सगळ्या अटी जुळवून आणलेल्या ट्यूबमधला आहे. आम्ही मुद्दाम शिखर शोधतो आणि तिथेच तपासणी बसवतो.

चिकटणं आणि चेतवणं वेगळं, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते इतर लेक्टिनांत. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन टी-पेशीला घट्ट धरतं, पण पीएचएसारखं तिला विभाजनाकडे नेत नाही. काही प्रयोगांत तर ते पीएचएचा प्रतिसाद दाबतं. शेंगदाण्यातलं लेक्टिन गॅलॅक्टोजची एक ठरावीक जोडी ओळखतं. ही जोडी आपल्या टी-पेशींवर असते, पण प्रौढ पेशीत तिच्यावर सायलिक ॲसिडची टोपी असते. छातीतल्या थायमस ग्रंथीत वाढणाऱ्या कच्च्या टी-पेशींवर ती टोपी नसते, म्हणून शेंगदाण्याचं लेक्टिन त्यांना धरतं आणि पक्व पेशी सोडून देतं. १९७६ मध्ये इस्रायलमधल्या नाथन शेरॉन यांच्या गटाने हे उंदरांत दाखवलं आणि दोन्ही प्रकार वेगळे करायची रीतच बसवून दिली. प्रौढ टी-पेशीवरची टोपी एन्झाइमने काढली तर मात्र हेच लेक्टिन तिला विभाजनाला लावतं. पेशी तीच, लेक्टिन तेच, फरक एका साखरेचा.

पुढे त्याच वाटेने सोयाबीनच्या लेक्टिनाचा उपयोग झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये प्रतिकारदोष असलेल्या मुलांसाठी पुरेसा जुळणारा दाता नसताना आई-वडिलांचाच अस्थिमज्जा वापरला गेला. त्यातल्या टी-पेशी काढून टाकणं गरजेचं होतं, नाहीतर त्या मुलावरच हल्ला करतात. त्या काढायच्या प्रक्रियेतली पहिली पायरी सोयाबीनच्या लेक्टिनाची.

केळ्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. केळ्यातलं लेक्टिन मॅनोज धरतं. एचआयव्हीच्या आवरणावर मॅनोज भरपूर, म्हणून ते विषाणूला अडवतं, पण टी-पेशींनाही चेतवतं, त्यामुळे औषध म्हणून बाद. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं एकच अमिनो ॲसिड बदललं: ८४ व्या जागेवरचं हिस्टिडीन काढून थ्रिओनीन. विषाणूला अडवणं कायम राहिलं, टी-पेशी चेतवणं जवळपास गेलं. म्हणजे साखर धरायची क्षमता जागच्या जागी ठेवून चेतवणं काढून टाकता येतं.

घरच्या गोष्टी सांगायच्या तर फणसाच्या आठळ्यांतलं जॅकलिन माणसाच्या आयजीए१ या प्रतिपिंडाला इतकं नेमकं धरतं की ते शुद्ध करायला जगभर वापरतात. त्याची त्रिमितीय रचना १९९६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली. आणि कुळीथ तर तुमच्या यादीतच आहे. कुळथाच्या अर्काने ए१ रक्तगटाच्या तांबड्या पेशींचे गठ्ठे होतात, ए२ च्या होत नाहीत. भारतात काम करणाऱ्या बर्ड यांनी हे १९५१-५२ मध्ये मांडलं आणि रक्तपेढ्यांत आजही 'अँटी-ए१' म्हणून त्याचीच बाटली असते. शेजारी युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या लेक्टिनाची 'अँटी-एच' बाटली. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत जो बॉम्बे रक्तगट नोंदवला, तो ओ गटापासून वेगळा काढताना हीच बाटली उपयोगी पडते: ओ गटाच्या पेशींचे गठ्ठे होतात, बॉम्बे गटाच्या पेशी तशाच सुट्या राहतात. कुळथाचं पिठलं खाल्ल्यावर ए गटाच्या माणसाचं रक्त मात्र गोठत नाही. रक्तगटानुसार आहार सांगणारे नेमकी हीच भीती घालतात. २०१४ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी तपासलं तर अशा आहारांचा जो काही फायदा दिसला त्याचा माणसाच्या रक्तगटाशी संबंध नव्हता.

आता पोटाकडे येऊ.

लेक्टिनं पचायला चिवट असतात, हे खरं आहे. पोटातल्या एन्झाइमना ती बऱ्यापैकी पुरून उरतात. कच्चा किंवा अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर चार-पाच दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, मग जुलाब, आणि बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. पण इथे काय होतं ते बघा. पीएचए लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं, तिथल्या पेशींना इजा करतं, आतड्यातले जंतू तिथे बेसुमार वाढतात. जंतुविरहित वाढवलेल्या प्राण्यांना कच्चा राजमा दिला तर तेवढी इजा होत नाही. म्हणजे हा त्रास अस्तराचा आणि जंतूंचा आहे. रक्तातल्या टी-पेशींचं वादळ तिथे नाही.

शिजवलं की चित्रच बदलतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेले आकडे असे: कच्च्या लाल राजम्यात २० हजार ते ७० हजार हीमॅग्लुटिनेटिंग युनिट (तांबड्या पेशींचे गठ्ठे करण्याच्या ताकदीचं माप), पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४००. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभरच्या बरंच वर जातं. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला मऊ शिजवलेला राजमा खाणाऱ्या माणसाला पीएचएची काळजी करायचं कारण नाही. काळजी कुठे करावी ते सांगते. परदेशात स्लो कुकरमध्ये राजमा थेट टाकणाऱ्यांनी, कारण त्यात तापमान ७५-८० अंशांवर रेंगाळलं तर विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढलेला आढळलाय. आधी दहा मिनिटं तरी खळखळून उकळा, अर्धा तास उकळलंत तर आणखी बरं, मग स्लो कुकर. दुसरं, नुसतं भाजणं पुरत नाही. २००६ मध्ये जपानमध्ये टीव्हीवर वजन कमी करायचा एक उपाय दाखवला, पांढरा राजमा तीन मिनिटं भाजून पूड करायची आणि भातावर घालायची. बरेच प्रेक्षक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. तेव्हा कच्च्या राजम्याचं पीठ 'ग्लुटेन-फ्री' म्हणून धिरड्यात घालत असाल तर ते थांबवा. आणि मोड आलेला राजमा कच्चा खाऊ नका. मुगाची गोष्ट वेगळी.

शेंगदाण्याबद्दल तुम्ही विचारलंय, आणि इथे प्रामाणिक उत्तर थोडं अवघड आहे. १९९८ मध्ये लिव्हरपूलच्या गटाने शेंगदाणे खाल्लेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या शिरेतल्या रक्तात शेंगदाण्याचं लेक्टिन अखंड सापडल्याचं दाखवलं. म्हणजे 'खाल्लेलं लेक्टिन रक्तात जातच नाही' असं ठासून सांगणारेही चूक. पण मघाची सायलिक ॲसिडची टोपी आठवा. रक्तात फिरणाऱ्या प्रौढ टी-पेशींवर ती असते, आणि शिवाय रक्त म्हणजे सीरमच, लेक्टिनाचे हात गुंतवायला प्रथिनांची खैरात.

केळं तर आपण न शिजवताच खातो आणि त्याचं लेक्टिन चेतवणारं आहे, मग? त्याविरुद्धची प्रतिपिंडं लोकांच्या रक्तात सापडतात, म्हणजे प्रतिकारसंस्थेने ते पाहिलेलं असतं. ती प्रतिपिंडं आयजीजी४ प्रकारची असतात. वारंवार भेटणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीशी शरीराने जुळवून घेतलं की हा प्रकार वाढतो. यावरून एक व्यवहाराची सूचना: बोटभर रक्तावर शंभर पदार्थांची 'आयजीजी फूड इनटॉलरन्स' यादी देणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालू नका. आपण जे नेहमी खातो तेच त्यात लाल रंगात येतं.

टोमॅटोचं लेक्टिनही न शिजवता पोटात जातं, पचनाला टिकतं, आणि त्याने इजा होत असल्याचं दिसलेलं नाही. गव्हाबाबत, सिलिॲक आजार असेल तर गहू बंदच, पण तो ग्लुटेनचा मामला, लेक्टिनाचा नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी हाही तिसराच विषय. आईंना यांपैकी काही असेल, किंवा एखादा पदार्थ खाल्ला की दरवेळी पोट बिघडत असेल, तर तो पदार्थ बाजूला ठेवायला माझ्या परवानगीची गरज नाही.

एरंड आणि गुंज यांची मात्र गल्लत करू नका. त्यांच्या बियांतली रिसिन आणि ॲब्रिन ही लेक्टिनंच, पण त्यांना जोडून दुसरा भाग असतो जो पेशीत शिरून प्रथिनं बनवण्याचं यंत्रच बंद पाडतो. मुलाने गुंज चावून गिळली तर घरी वाट बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

राहिला प्रश्न संधिवाताचा. तुम्ही जे वाचलंत त्यामागे एक खरं निरीक्षण आहे. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऱ्हुमॅटॉइड संधिवातात आयजीजी प्रतिपिंडावरच्या साखरेच्या फांदीचं टोकाचं गॅलॅक्टोज बऱ्याचदा गायब असतं, त्यामुळे आतलं एन-ॲसिटिलग्लुकोसमीन उघडं पडतं. गव्हाचं लेक्टिन नेमकी हीच साखर धरतं. २००० च्या सुमारास यावरून आहारातली लेक्टिनं संधिवात वाढवत असतील अशी मांडणी झाली. कल्पना म्हणून ती आकर्षक आहे, मलाही वाचताना आवडली होती. पण ती मांडणीच राहिली, रुग्णाच्या ताटातून डाळ-उसळ काढावी एवढा पुरावा तिच्या मागे उभा राहिला नाही. संधिवाताच्या माणसाला स्टेरॉइडमुळे स्नायू आणि हाडं जपायची असतात, शाकाहारी घरात प्रथिनं येतात ती कडधान्यांतूनच. ती काढून टाकली तर जे नक्की नुकसान आहे ते कशासाठी ओढवून घ्यायचं? मेथोट्रेक्सेटवर असताना डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी देतात, आणि कडधान्यं हा फोलेटचा चांगला नैसर्गिक स्रोत आहे, हेही ध्यानात घ्या. आई जेवढं पचवू शकतात तेवढं नीट शिजवून द्या.

आणि एक. तुम्ही मायटोजेनचा आकडा लिहिलात, पण ज्यासाठी तपासणी केली तो लिहिलाच नाहीत. रिपोर्टवर टीबी१ आणि टीबी२ असे रकाने असतील, म्हणजे हिरव्या आणि पिवळ्या ट्यूबचे. त्यातून 'निल' (राखाडी ट्यूबचा आकडा) वजा करून दोन्हींपैकी एकही ०.३५ किंवा जास्त, आणि तो निलच्या किमान पाव पट, असा आला असेल तर शरीरात टीबीचा जंतू दबून असण्याची शक्यता आहे. ॲडॅलिम्युमॅबसारखी औषधं टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) अडवतात, आणि टीबीच्या जंतूला कोंडून ठेवणारी भिंत टीएनएफवरच उभी असते. तसं असेल तर छातीचा एक्स-रे आणि प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय पहिल्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवा. आकडे बघा, आणि रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.